पत्ता नसलेली हाक

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी शिगेयोशी कुनिमात्सु सूपाची वाटी तोंडाला लावून टीव्हीवरचं हवामान ऐकत होता, तेव्हा त्याची बायको मित्सुए म्हणाली की एप्रिलपासून मी कुरायोशीला राहायला जाईन म्हणते. धाकट्या बहिणीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्यांची जागा मिळाली आहे, न्हाणीघराला खिडकी आहे, खिडकीतून पर्सिमनचं झाड दिसतं. हे सगळं ती माशाचा काटा काढता काढता सांगत होती, आणि काटा निघाल्यावर तिने तो मासा नेहमीसारखा त्याच्याकडे सरकवला. शिगेयोशीला आधी वाटलं, बहीण आजारी असेल. किती दिवसांसाठी, असं त्याने विचारलं. दिवस नाही हो, राहायलाच, असं ती म्हणाली. टीव्हीवरची बाई तोत्तोरी भागात बर्फ पडेल असं सांगत होती, म्हणजे नेमकं कुरायोशीकडेच, आणि हे मित्सुएला सांगावं की काय असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात तोंडातून निघालं ते वेगळंच. काचेच्या बाटल्या कचऱ्यात कुठल्या वारी ठेवायच्या असतात, असं त्याने विचारलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, अडतीस वर्षांचा संसार, आणि सुचलं काय तर बाटल्या. मित्सुए हसली नाही. दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी, सकाळी आठच्या आत, असं तिने नीट सांगितलं.

भांडण झालं नाही. भांडणाची सवय दोघांनाही नव्हती. काडीमोड वगैरे तिच्या मनात नव्हता. त्याचं काही चुकलं असंही ती म्हणत नव्हती. पाच-सहा दिवसांनी तिने एवढंच सांगितलं की तिला त्याच्याकडून उत्तर हवं आहे. ‘तुझं तू बघ’ हे उत्तर नाही. अडतीस वर्षं तिने ते ऐकलं होतं, पडद्याच्या कापडापासून मुलीच्या कॉलेजपर्यंत. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, ती म्हणाली. नाही म्हणालात तर नाही जाणार. पण तोंडाने म्हणा. फेब्रुवारीत चिनात्सुने आखलेली सहल आहे, ती करून ओसाकाला परत येईपर्यंत विचार करा. चिनात्सु ही त्यांची एकुलती एक मुलगी, नागोयाला असते. बाबा निवृत्त झाले म्हणून तिने शरदातच दोघांची सहल ठरवून टाकली होती: ताकामात्सुला एक रात्र, दुसऱ्या दिवशी बोटीने नागेशिमा बेट, तिथलं ते नावाजलेलं, एका कलावंताने घडवलेलं सार्वजनिक स्नानगृह, आणि घरी. आईचा बेत तिला ठाऊक होता की नाही हे शिगेयोशीला कळलं नाही. त्याने फोनवर सहल रद्द करू या का असं आडून विचारलं, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘बाबा, जाऊन या गुपचूप.’ त्यावरून ठाऊक असावं.

आणि आता दुपारचे तीन वाजून गेले होते, पाच दहाला परतीची बोट होती, आणि उत्तर अजून त्याच्या तोंडात नव्हतं. रात्री हॉटेलात त्याने सुरुवात केली होती, तर मित्सुए झोपली होती. सकाळी बोटीवर वारा फार होता. बेटावर उतरल्यावर ती नकाशा धरून पुढे आणि तो मागे. दगडाच्या खाणी, मांजरं, एका पडक्या शाळेत टांगलेल्या निळ्या होड्या, हे सगळं बघून झालं. प्रत्येक ठिकाणी तो मनाशी म्हणाला, इथे बोलू. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्याची चाळीस वर्षं गेली होती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी बाहेरून बोलत राहायचं, धीर द्यायचा, घाबरू नका, पाच मिनिटांत उघडतो म्हणायचं, हे काम त्याला उत्तम जमायचं. तसं बोलताना समोर तोंड दिसत नसे, म्हणून जमायचं बहुधा. मित्सुएचं तोंड समोर असलं की त्याचे शब्द घशाखाली जाऊन बसत.

स्नानगृहाच्या दारात तरुण पर्यटकांची रांग होती. बाहेरची भिंत फुटक्या बश्यांच्या तुकड्यांनी मढवलेली होती आणि छपरावर एका जुन्या मच्छीमार होडीचं नाक बाहेर आलं होतं. तोक्योची कोणी शिल्पकार बाई बेटावर तीन वर्षं राहून हे करून गेली, असं रांगेतला मुलगा आपल्या मैत्रिणीला वाचून दाखवत होता. आतून मात्र बेटावरच्या म्हाताऱ्या बायका ओल्या पंच्यांनी तोंड पुसत बाहेर येत होत्या आणि कुठल्याही गल्लीतल्या स्नानगृहातून याव्यात तशा निघून जात होत्या. छपरावरच्या होडीकडे त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. दोन पडदे होते, पुरुषांचा निळा आणि बायकांचा लाल. लाल पडद्यापाशी मित्सुए थांबली आणि तिने विचारलं, ‘किती वाजता?’ साडेचारला निघू, तो म्हणाला. ती बरं म्हणाली आणि पडदा बाजूला सारून आत गेली. तिला आत जाताना पाठमोरी बघून त्याला कसंतरी झालं. एकोणतीस वर्षांपूर्वी घरात टब आला, त्यानंतर दोघं कधी एकत्र स्नानगृहाला गेली नव्हती.

कपडे टोपलीत ठेवून, पंचा घेऊन तो आत शिरला. वाफेने आधी काही दिसेना. मग दिसलं ते पुरुष आणि बायकांच्या मधल्या भिंतीवर बसलेलं एक अगडबंब, तांबडं, चिनीमातीचं ऑक्टोपसचं धूड. भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, कुठल्याच स्नानगृहात जात नाही, आणि त्या उरलेल्या जागेत ते जनावर आरामात पसरलं होतं. चार हात इकडे, चार बहुधा तिकडे. छत रंगीत काचेचं होतं, त्यामुळे लोकांच्या पाठी हिरव्यापिवळ्या दिसत होत्या. सहा-सात परदेशी तरुण डोक्यावर पंचे ठेवून, शहाण्या मुलांसारखे हौदात बसून वर बघत होते. शिगेयोशीने बुटकं स्टूल ओढलं, नळ सोडला आणि अंग घासायला घेतलं. समोरच्या आरशावर बेटावरच्या दुकानांच्या जुन्या जाहिराती होत्या: कोणी शिंपी, कोणी सायकलवाला, एक सुईण. आता यातलं एकही दुकान नसेल. सुईणीच्या नावामागे त्याला आपलं तोंड दिसलं, आणि ते तोंड आज काय म्हणणार आहे हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

शेजारच्या स्टुलावर एक ऐंशीचा म्हातारा पाय घासत बसला होता. खांदे अजून दगडासारखे होते, आणि ते खाणीतलेच निघाले. ओकिता तोकुजी असं नाव सांगून त्याने पन्नास वर्षं बेटावरचा दगड फोडला असल्याचं सांगितलं. ओसाकाचे का, असं विचारून, नळ बंद करण्याच्या पद्धतीवरून ओळखलं म्हणाला, म्हणजे थाप. इथे रोज तीनला यायचं, त्याचा आणि बायकोचा, इसोनोचा, नेम होता. आधीचं स्नानगृह वीस वर्षं बंद पडून होतं, मग ही बाई आली आणि तिने हे भूत बांधलं. पण पाणी झकास आहे, असं म्हणून तो पुढे म्हणाला, ‘वर बघायचं नाही. खाली बसायचं. मग काही फरक पडत नाही.’ एका परदेशी पोराने रिवाज विसरून पंचा पाण्यात बुडवला तेव्हा म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून नुसतं ‘हं’ केलं आणि पोराने तो झटकन डोक्यावर ठेवला. शिगेयोशीला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

हौदात उतरल्यावर त्याने पाय पसरले. पाणी चांगलंच कढत होतं. हौदाच्या तळाला जाड काच होती आणि काचेखाली बेटावरच्या लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्याचपाट्यांची गर्दी: शाळेची प्रगतिपुस्तकं, बोटीची तिकिटं, लग्नाचे फोटो. त्याच्या डाव्या टाचेखाली एक नवरी होती. त्याने टाच हलवली तर नवरा निघाला. काही केल्या पाय ठेवायला जागा मिळेना, तेव्हा त्याने ते जवळ घेतले आणि पाठ टेकून डोळे मिटले. आणि डोळे मिटल्याबरोबर हे ठिकाण गेलं, ऑक्टोपस गेला, आणि उरला तो आवाज. प्लास्टिकचं घमेलं फरशीवर आपटल्याचा आवाज, तो छतापर्यंत जाऊन परत येतो तसा, आणि भिंतीपलीकडचा बायकांचा गलका. हा आवाज त्याने नऊ वर्षं रोज संध्याकाळी ऐकला होता. ओसाकात ताइशो भागात, कालव्यामागे, एका खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. खोलीला न्हाणी नव्हती. कामावरून आलं की दोघं पंचे घेऊन कोपऱ्यावरच्या स्नानगृहात जात. साबणाची वडी एकच, ती आधी मित्सुएकडे, मग भिंतीवरून अलीकडे. ‘टाकतेय हो,’ असा आवाज आला की तो हात वर करायचा. एकदा वडी पोलीस हवालदाराच्या टकलावर पडली होती.

आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या संसारातलं महत्त्वाचं बोलणं जे काही झालं ते त्या भिंतीवरूनच झालं. घरी जेवणाच्या मेजाशी दोघं समोरासमोर बसली की लोणचं, भात, उद्या पाऊस, एवढंच. पण भिंत मध्ये आली की मित्सुएचा आवाज मोकळा व्हायचा. तिने नोकरी सोडली ते तिने भिंतीवरून सांगितलं. त्याच्या आईला आपल्याकडे आणू या हेही भिंतीवरूनच. चिनात्सुच्या वेळी तर ती ओरडून म्हणाली होती, ‘अहो, आज डॉक्टरकडे गेले होते. ऑक्टोबर म्हणाले.’ त्याला अर्थ लागायच्या आत शेजारच्या हमालाने पाण्यात हात मारून त्याचं अभिनंदन केलं होतं. त्यावर तो काय म्हणाला? बरं म्हणाला. आणि मग नेहमीप्रमाणे, ‘अगं, निघतोय मी.’ ही हाक त्याचीच असायची. पुरुषांचं आटपतं लवकर. तो हाक मारायचा, पलीकडून ‘हो’ यायचं, आणि तो कपडे घालून बाहेर आला की ती दारात उभी असायची. कधी चुकली नाही. त्या गल्लीतल्या नवऱ्यांत तो त्याबद्दल जरा मिरवायचाही. नाही, एकदा चुकली होती. एकदा ‘हो’ ऐवजी पलीकडून ‘दोन मिनिटं’ असं आलं होतं. काही विशेष दिवस नव्हता तो. शिगेयोशीला भूक लागली होती, तो घरी चालता झाला आणि सवयीने आतून कडी लावून बसला. तिला दार ठोठावावं लागलं. त्याने उघडलं, तिच्या कानामागे साबणाचा फेस तसाच होता. ती काही बोलली नाही, त्यानेही काही म्हटलं नाही, आणि पुन्हा ‘दोन मिनिटं’ असं पलीकडून कधी आलं नाही. हे सगळं तो विसरला होता. विसरला होता म्हणजे, आजपर्यंत ही आठवण आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

पलीकडे बायका मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात एक हसणं त्याने ओळखलं, आणि ओळखायला त्याला क्षणभर लागला याची त्याला लाज वाटली. मित्सुए बोलत होती. बेटावरच्या बायकांनी तिला मध्ये घेतलेलं दिसत होतं. त्यातली एक, जाड आवाजाची, ही तोकुजीची बायको इसोनो असावी, कारण ती बोलली की तोकुजी ‘झालं सुरू’ असं पुटपुटायचा. मित्सुए त्यांना ताइशोच्या स्नानगृहाबद्दल सांगत होती. म्हणजे तिलाही तेच आठवत होतं, भिंतीच्या त्या बाजूला, याच वेळी. शिगेयोशीला उगाच बरं वाटलं. मग त्याने ऐकलं.

‘नऊ वर्षं रोज गेले,’ ती म्हणत होती, ‘पण गळ्यापर्यंत पाण्यात निवांत बसलेय असं एकदाही नाही हो. अंगाला ऊब लागते न लागते तोच आमच्या यांची हाक. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.’

‘असतंच,’ इसोनो म्हणाली. ‘आमच्याकडे अजून आहे.’ आणि पुन्हा सगळ्या हसल्या. मित्सुए तर फार हसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. ती आपली एखादी जुनी गंमत सांगावी तशी सांगत होती, आणि अलीकडे हौदात तिचा नवरा गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता. न्हाणीघराला खिडकी आहे, असं ती त्या मंगळवारी म्हणाली होती, ते त्याला जागेच्या वर्णनासारखं वाटलं होतं. ती सांगत होती की मला बसायचं आहे. तीन शब्दांत सांगून मोकळी झाली होती, आणि त्याने बाटल्यांचं विचारलं. त्याला ती आत्ता या क्षणी पलीकडे दिसावी असं वाटलं, आणि मध्ये भिंत आहे म्हणून हायसंही वाटलं. पाणी आता सोसेना. भिंतीवरच्या घड्याळात साडेचारला दोन मिनिटं कमी होती. तो उठला, पाण्याबाहेर पाय टाकला, आणि डोकं दुसरीकडे असताना हात जसा आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो तसं त्याचं तोंड उघडलं.

‘अगं, निघतोय मी.’

पलीकडचा गलका बंद झाला. मग ‘हो’ असं उत्तर आलं. एक नाही, चार की पाच. म्हातारे आवाज, सगळे एका सुरात, आणि पाठोपाठ पाण्यातून उठल्याचे, स्टुलं सरकवल्याचे, घमेली पालथी घातल्याचे आवाज. शिगेयोशी एक पाय हौदात आणि एक फरशीवर असा उभा राहिला. अलीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी निघायच्या बेतात नव्हतं. एकाने तर नुकतंच डोक्याला साबण लावला होता. मग तोकुजी पाण्यात बसल्या बसल्या खदखदून हसायला लागला.

‘काय पाहुणे,’ तो म्हणाला, ‘तुमच्या एका हाकेला बेटावरच्या सगळ्या बायका उठल्या की. आता आमच्या बाहेर जाऊन थंडीत उभ्या राहतील आणि घरी गेल्यावर आमचा जीव खातील. हाक मारायची तर पत्ता घालून मारावी.’

दुसरा म्हातारा डोक्यावरचा फेस निपटत म्हणाला की त्याची बायको पंचावन्न वर्षं असल्याच हाकेवर उठत आली आहे, आवाज कोणाचा हे तिने कधी बघितलंच नाही वाटतं. सगळे हसले. परदेशी पोरांना काही कळलं नाही, पण तीही हसली. तोकुजीने भिंतीकडे तोंड करून ‘बसा गं, आमची नव्हे’ असं ओरडून सांगितलं, आणि पलीकडून इसोनोने त्याला अशा शब्दांत उत्तर दिलं की पुन्हा हशा झाला. त्या चार-पाच ‘हो’मध्ये मित्सुएचा ‘हो’ नव्हता. शिगेयोशीला ते तेव्हाच कळलं होतं. हजार आवाजांत त्याने तो ओळखला असता, कारण त्याला त्या एका शब्दाइतकीच मित्सुए पक्की माहीत होती. ती उठली नव्हती. किंवा आधीच निघून गेली होती. या दोन्हीत काय बरं याचा विचार करत तो पुन्हा पाण्यात बसला.

‘नाव काय तुमच्या मंडळींचं?’ तोकुजीने विचारलं. ‘मी सांगतो हवं तर पलीकडे.’

नाव सोपं होतं. तीन अक्षरांचं. शेवटचं केव्हा घेतलं ते त्याने आठवून बघितलं. इस्पितळात फॉर्म भरताना. बँकेत. चिनात्सुच्या लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना, आणि तेव्हाही ‘ही आमची’ असंच म्हटलं असेल. तिला ऐकू जाईल असं, तिलाच उद्देशून? लग्नाआधी आडनाव घ्यायचा, लग्नानंतर अगं. आणि ‘अगं’ म्हटलं की जी येते ती बायको. ती कोण आहे हे बघायचं काम पडत नाही. या विचाराने तो घाबरला. सहा आठवडे तो स्वतःशी एकच वाद घालत होता: आपण हिला काय कमी केलं? पगार वेळेवर, दारू बेताची, बाहेरख्यालीपणा नाही. या यादीत काही चूक नव्हती. पण ही यादी इसोनोच्या नवऱ्याचीही असेल, डोक्याला फेस लावलेल्याचीही. ही कुणाच्याही बायकोला वाचून दाखवता आली असती.

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. हे त्याला त्या कढत पाण्यात इतकं स्पष्ट दिसलं की त्याने डोळे उघडले. नाही म्हणालात तर नाही जाणार, असं ती म्हणाली होती, आणि ती तसंच करेल. नऊ वर्षं ती पाण्यातून उठून आली, तशीच कुरायोशीहून येईल. कानामागे फेस तसाच ठेवून, काही न बोलता. एप्रिलमध्ये ती त्याच्यासमोर बसलेली असेल, माशाचा काटा काढेल, मासा त्याच्याकडे सरकवेल. त्याला ती हवी होती. हे काही लपवण्यासारखं नव्हतं, निदान स्वतःपासून. रिकाम्या घराची त्याला भीती वाटत होती, नुसती गैरसोयीची नव्हे. संध्याकाळी दार उघडल्यावर आत दिवा नसेल याची, आजारी पडलो तर काय याची, आणि ती तिकडे त्याच्याशिवाय मजेत असेल याची तर सगळ्यांत जास्त. एका शब्दाने हे सगळं टळत होतं. आणि तो शब्द म्हणजे पुन्हा तीच हाक होती. म्हणजे ती दारात येऊन उभी राहील, आणि तो तिला घेऊन घरी जाईल, आणि तिचं पाण्यात बसणं राहून जाईल, ते आता कायमचंच. बोट सुटायला चाळीस मिनिटं होती. बोटीवर, आगगाडीत, घरी, कुठेही मित्सुएचं तोंड त्याच्या समोर असणार होतं, आणि ते समोर आल्यावर आपण काय करणार हे त्याला चांगलं माहीत होतं. तुझं तू बघ म्हणणार.

‘मित्सुए,’ तो म्हणाला.

आवाज बेताचाच निघाला, पण त्या छताखाली तो भलताच मोठा झाला. तोकुजीचं हसू थांबलं. पलीकडच्या बायकाही थांबल्या. बाई कोणी असो, हाक मारणाऱ्याच्या आवाजावरून तिला कळतं की काही झालं आहे.

मग पलीकडून आलं, ‘काय हो? बरं वाटत नाही का?’

‘बरा आहे मी. तू पाण्यात आहेस का?’

‘आहे.’

‘मग बस. ऐक.’ त्याने भिंतीकडे तोंड केलं. घाबरू नका, पाच मिनिटांत उघडतो, असं तो चाळीस वर्षं बंद दारांना सांगत आला होता, आणि आता त्याचाच आवाज कापत होता. ‘एप्रिलमध्ये तू जा. कुरायोशीला. मी हो म्हणतोय.’

डोक्याला फेस लावलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात फेस जात होता, तरी त्याने नळ सोडला नाही. नागड्या अनोळखी माणसांमध्ये आपण घरातली गोष्ट ओरडून सांगितली याची लाज शिगेयोशीला वाटायला हवी होती. ती पुढे कधीतरी, कदाचित बोटीवर, वाटणार होती. आत्ता तो नुसता ऐकत होता. पलीकडे पाणी हळू हललं.

‘मनापासून म्हणताय?’ मित्सुएने विचारलं.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘मनापासून नाही. मला तू घरी हवीस. पण तू जा.’

तोकुजीने मान वळवून भलत्याच काळजीपूर्वक आरशावरच्या सायकलवाल्याची जाहिरात वाचायला घेतली. शिगेयोशीला वाटलं, आपण शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मग वाटलं, तेवढंच एक बोलायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंड आधीच ओलं असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

‘ऐकलं,’ मित्सुए म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. मग ती म्हणाली, ‘लगेच जाऊ नका बाहेर. आणखी काही असेल तर बोला. मी आहे इथे.’

आणखी काही. अडतीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं पुष्कळ असेल असं त्याला वाटलं, पण त्यातलं एकही वाक्य हाताला लागेना. सगळं स्नानगृह त्याची वाट बघत होतं, परदेशी पोरंसुद्धा. शेवटी जे खरं होतं ते तो म्हणाला.

‘मला भात लावता येत नाही. पाणी किती घालायचं ते माहीत नाही.’

पलीकडून तीन-चार बायका एकदम बोलल्या, बोटाचं पहिलं पेर बुडेपर्यंत, नाही हो, नवा तांदूळ असेल तर त्याहून कमी, आणि त्यांच्यात तिथल्या तिथे वाद लागला. त्या गलक्यात मित्सुए हसायला लागली. ती खूप हसली, आणि हसता हसता ती रडायला लागली आहे हे त्याला कळलं. त्याने तिला रडताना याआधी ऐकलं नव्हतं. ती रडत नसावी अशी त्याची समजूत होती. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि तिचं संपेपर्यंत थांबला.

‘मार्च अख्खा आहे अजून,’ ती म्हणाली. ‘रोज संध्याकाळी एकदा लावायचा. मी बघत बसेन, हात लावणार नाही.’

‘हो,’ शिगेयोशी म्हणाला.